परसापर्यंतचा दोर

लग्नाला तीन वर्षं होत आली तरी मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर ओढून उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. सासऱ्यानंही सुनेला हाक मारायची नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी इकडचं तिकडे सांगितलं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघं. हे शेतात गेले की उरलो दोघं, आणि दोघांच्या तोंडाला कुलूप.

यावर मामंजींनी आपल्या परीनं तोड काढली होती. ओसरीच्या मधोमध सागाचा जाड खांब होता, त्याच्याशी ते बोलायचे. "खांबा, भाकर झाली का रं?" असं ते म्हणाले की मी आतून एकदा बांगड्या वाजवायचे, म्हणजे झाली. दोनदा वाजवल्या तर अजून नाही. कुणी दारात आलं असेल, किंवा वासरू सुटून त्यांच्या अंगावर येत असेल, तर हात झाडून झाडून वाजवायच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरत गेलं.

माझा स्वभाव मूळचाच तिखट. गंगाखेडला माहेरी माझी टकळी सुरू झाली की आई दोन्ही हात जोडायची. सासरी येऊन मी बांगड्यांनी भांडायला शिकले. "खांबा, कालवनात मीठ पडायचं ऱ्हायलं वाटतं," असं मामंजी म्हणाले की मी मिठाचं मडकं दाराशी आणून आपटायचे आणि वर बांगड्याही आपटायचे. ते मिशीत हसायचे आणि मीठ घेऊन जेवायचे. सांगायला लाज वाटत नाही, या न बोलण्यातच मला त्यांचा लळा लागला.

त्यांची नजर जायला लागली हे मला यांच्याही आधी कळलं. तांब्याकडे हात नेताना तो हात आधी जमिनीवर फिरायचा. ताटात भाजी असायची उजवीकडे आणि ते भाकरीचा तुकडा डावीकडे बुडवायचे. मी काही बोलले नाही. बोलणार कशी? दुसऱ्या दिवसापासून ताटात भाजी, चटणी, कांदा रोज त्याच जागी ठेवायला लागले. ताट ठेवताना हलकेच एकदा बांगडी वाजवायची. तीन-चार दिवसांनी त्यांचा हात सरळ भाजीत जायला लागला. त्या दिवशी ते खांबाशी काहीच बोलले नाहीत, मुकाट्यानं जेवले आणि हात धुतले.

यांनी त्यांना मोटारीनं परभणीला नेलं. गावात सांगितलं, सोयरिकीच्या कामाला चाललोय. डॉक्टरांनी दिवा लावून दोन्ही डोळे पाहिले आणि आतली शीर वाळली आहे, आता उशीर झाला, जे आहे तेही थोड्या दिवसांत जाईल, असं सांगितलं. घरी परत आल्यावर मामंजींनी यांना देवासमोर बसवलं आणि बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली.

"कुनालाबी मालूम पडू द्यायचं न्हाई. भावकीला न्हाई, तुज्या बहिनीला न्हाई. हैदराबादचं राज्य गेलं तवा दवंडी पिटली, ते ठीक हाय. माज्या डोळ्याची दवंडी नको."

मग खांबाकडे तोंड करून म्हणाले, "खांबा, तूबी आइकलंस न्हवं?" मी एकदा बांगड्या वाजवल्या.

हा एवढा हट्ट कशासाठी, ते मला त्या रात्री यांनी सांगितलं. गोठ्याच्या माळ्याला एक बाज उलटी टांगलेली होती, ती मी येता-जाता पाहत होते. मोडकी म्हणून टांगली असेल असं मला वाटायचं. ती माझ्या आजेसासऱ्यांची होती. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. एकदा ते अंधारात ठेचकाळून पडले, तेव्हा घरच्यांनी त्यांना गोठ्याच्या कोपऱ्यात बाज टाकून दिली आणि बाजेच्या मधोमध भोक पाडलं. खाली मडकं. सगळं जागच्या जागी. यात कुणाला दुष्टावा वाटत नव्हता, घरोघरी तशीच सोय करत. म्हाताऱ्यानं उठायला नको, पडायला नको, कुणी हात धरायला नको. त्या बाजेवर आजेसासरे कितीतरी वर्षं जगले आणि शेवटी शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. बाजेचं सुंभ कापून ते भोक पाडलं होतं मामंजींनी. आपल्या हातानं, तरणेताठे असताना.

"बाबा म्हणतात, जोवर मी माझ्या पायानं परसाकडं जातो तोवर मी माणूस आहे," हे म्हणाले. "कुणी हात धरून न्यायला लागलं की पुढची पायरी ती बाज."

मला त्या बाजेचा इतका राग आला की तेव्हाच जाऊन ती खाली ओढावी असं वाटलं. पण नवी सून, आणि बाज आजेसासऱ्यांची. गप्प बसले.

मग घर बदलायला सुरुवात झाली, आणि ती सगळी चोरून. आमच्या ओसरीचा उंबरा चांगला वीतभर उंच. पाय अडखळायला तेवढं पुरे. हे म्हणाले, करवतीनं कापून खाली घेऊ. मामंजी उखडले. "उंबऱ्याला करवत लावायची? लक्षुमीच्या पायाखालचा पाट काढायलास का?" उंबरा राहिला. दोन्ही बाजूंनी मात्र मातीचा भराव घालून आम्ही उतार केला आणि मी तो रोज सारवू लागले. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं, वासराला आतबाहेर करायला बरं पडतं. अंगणात आड होता. त्याचा काठ गुडघ्याएवढासुद्धा नव्हता, आणि रहाटाच्या बाजूनं तर ढासळून जमिनीला टेकलेला. त्यावर यांनी फळ्या टाकल्या. कोंबड्या पडतात म्हणून. मामंजींच्या निजायच्या बाजेचे पाय कापून ती गुडघ्याच्या उंचीची केली, आणि न्हाणीत बसायला सपाट दगड आणून टाकला.

सगळ्यात अवघड गोष्ट परसाकडची. गावात सगळी माणसं ओढ्यापलीकडे जायची. घराच्या आवारात ती सोय म्हणजे पाप. तुराट्यांचा कूड घालून, खड्डा खणून, वर दोन दगड टाकून आडोसा करायचा असं यांनी सुचवलं तेव्हा मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. पण पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेवर चिखलात ते दोनदा बसकन घसरले. नेमकं त्या वेळी भावकीतलं कुणी तिथं नव्हतं म्हणून निभावलं. मग ते म्हणाले, "करा. पन माज्या नावानं नको."

मग कुणाच्या नावानं? माझ्या. गंगाखेडची सून, शहरातली, हिला उघड्यावर बसवत नाही. गावभर झालं. पाणवठ्यावर बायका मला 'गंगाखेडची राणी' म्हणायला लागल्या. एकीनं विचारलं, राणीसाहेबांचा महाल झाला का बांधून? मी म्हटलं, झालाय, बघायला या. आतून नुसता भडका उडाला होता. पण ओठापर्यंत आलेलं खरं बोलायचं नव्हतं, बेलभंडाऱ्यात माझी बांगडी वाजली होती.

उरला दोर. मामंजी आयुष्यभर मांडीवर वाख वळत आले होते. अंबाडीचे धागे ते न बघता वळायचे. त्यांनी स्वतःच एक लांब दोर वळला. ओसरीच्या खांबापासून निघायचा, अंगणात रोवलेल्या मेढीला वळसा घ्यायचा आणि परसातल्या कुडापर्यंत जायचा. कमरेच्या उंचीवर. उतार संपतो तिथं एक गाठ, मेढीपाशी वळायचं तिथं दोन गाठी. लोकांना सांगायला वाळवणाची दोरी. त्यावर सदा एखादं लुगडं, एखादं धोतर टाकून ठेवायची जबाबदारी माझी. कपडा बाजूला सारत, दोरावरून हात सरकवत मामंजी रोज जायचे आणि यायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा वाळत घातलेले कपडे चाचपतोय.

दिवसभर ते ओसरीत बसून वाख वळायचे. रस्त्यानं जाणाऱ्याच्या वहाणेच्या आवाजावरून, खोकल्यावरून माणूस ओळखून तेच आधी हाक द्यायचे. गावात बोलवा झाली की म्हाताऱ्याची नजर अजून घारीची आहे. मला हसू यायचं, पण माझा एक कान सदा बाहेर असायचा. कारण शेजारच्या घरात माझे चुलत सासरे राहायचे आणि त्यांना संशय आला होता.

एकदा ते वहाणा हातात घेऊन, पावलं न वाजवता अंगणात आले. मामंजींच्या पुढ्यात येऊन थांबले. मी दारातून पाहिलं तर त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्यासमोरही मला बोलायची मुभा नव्हतीच. मामंजी मान खाली घालून वाख वळत होते. दोन हातांवर माणूस उभा आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मग मी दुरडीतलं धान्य पाखडायला घेतलं आणि सुपाबरोबर हात असा काही झाडला की बांगड्या खळखळल्या. मामंजींचा हात क्षणभर थांबला. मान वर न करता ते म्हणाले, "उबं का ऱ्हायलाव? बसा की."

चुलत सासऱ्यांचा चेहरा पडला. वहाणा पायात घालून ते पानसुद्धा न खाता गेले. ते गेल्यावर बऱ्याच वेळानं मामंजी म्हणाले, "खांबा, कोन व्हतं रं?" तेव्हा मी पदरात तोंड खुपसून हसले. ते कोण होतं हे बांगड्यांनी सांगायची काही तऱ्हा नव्हती.

येलदरीला धरणाचं काम सुरू झालं तेव्हा भोवतालच्या गावांतली तरणी माणसं तिकडे कामाला गेली. हेही गेले. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी यायचे, बाजार करून परत जायचे. भावकीत कुरकुर सुरू झाली. म्हातारं माणूस, तरणी सून, आणि पोरगा धरणावर. मामंजींनीच यांना घालवलं होतं. तू घरी बसलास तर लोक म्हणतील बापाला काहीतरी झालंय, असं त्यांचं म्हणणं. मग घरात आम्ही दोघंच. दुपारी धरणावर सुरुंग उडायचे, त्यांचा दबका आवाज आमच्यापर्यंत यायचा. मामंजींनी त्या आवाजावर आपला दिवस बांधून घेतला होता. सुरुंग झाला की उठायचं, दोर धरायचा, परसाकडे जायचं, येऊन हातपाय धुवायचे आणि ताटावर बसायचं.

त्या वर्षी घट बसायच्या आधी घर धुवायला माझ्या नणंदबाई आल्या. यांच्यापेक्षा मोठ्या, कामाला वाघीण, बोलायला त्याहून. आमच्याकडे नवरात्राच्या आधी घरातली एक वस्तू जागेवर ठेवत नाहीत. गोधड्या, वाकळा, पोती, सगळं ओढ्यावर नेऊन धुवायचं, मडकी बाहेर काढायची, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, अंगण खरवडून सारवायचं. जी वस्तू धुतली नाही ती देवीला चालत नाही. दरवर्षी या कामात मला आनंद असायचा. त्या वर्षी नणंदबाईंनी पदर खोचला तो बघूनच मी घाबरले. आमच्या घरात सगळा जीव वस्तू जागेवर असण्यावर टांगला होता.

पहिली संध्याकाळ निभावली. वन्सं बापासमोर बसून म्हणाल्या, "बाबा, बघा की माज्याकडं. किती वाळले मी."

"बघायलोय की," मामंजी म्हणाले. "सासरचं काम लय दिसतंय." त्यांचं तोंड वन्संच्या खांद्याच्या पलीकडे होतं. वन्संना ते जाणवलं की नाही कोण जाणे. स्वयंपाकघरात येऊन त्या मला म्हणाल्या, "बाबा थकले गं. आता एका जागी बसवायला पायजे त्यांना. फिरू देऊ नका." मी भाकरी थापत राहिले. त्यांना सगळं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण बापानं लेकीपासून लपवलेलं सुनेनं कसं सांगायचं?

मी एवढंच म्हटलं, "वन्सं, उद्या ओसरी आणि अंगण माझ्याकडे ठेवा. तुम्ही आतलं घ्या."

त्या हसल्या. "अगं, जड काम मी करते. तू आत भिंती पोतार."

मोठ्या नणंदेपुढे माझं काय चालणार. सकाळपासून मी माजघरात पाटावर उभी राहून भिंतींना पांढरी माती फासत होते. कोपरापर्यंत हात भरलेले. मामंजींना सकाळीच ओसरीच्या कोपऱ्यात वाख देऊन बसवलं होतं, आणि दोर जागेवर आहे हे डोळ्यांनी पाहून मगच मी आत गेले होते. अंगणात वन्सं आणि शेजारच्या चुलत सासूबाई आडाचं पाणी शेंदत होत्या, मडकी घासत होत्या. मग त्या दोघी गोधड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेल्या. घर शांत झालं.

जाण्याआधी वन्संनी काय केलं ते मला नंतर कळलं. ओल्या वाकळा वाळत घालायला त्यांनी अंगणातली दोरी बघितली. दोरी तर चांगली जाड, पण परसात सावलीत गेलेली. त्यांना वाटलं, काय बाई वेंधळी माणसं, वाळवणाची दोरी सावलीत बांधतात. खांबाकडचं टोक त्यांनी तसंच ठेवलं. मेढीचा वळसा काढला, तिथल्या गाठी सोडवल्या, कुडाचं टोक सोडलं आणि दोर सरळ ताणून उन्हातल्या रहाटाच्या खांबाला बांधला. आमचंच खोटं त्यांनी खरं मानलं होतं. त्यांना मी कसा दोष देऊ?

दूरवर सुरुंग झाला. मी भिंतीच्या वरच्या कडेला हात मारत होते. मामंजी उठले, खाकरले, पावलं उतारावरून खाली गेली, हे सगळं मी रोजच्यासारखं कानानं ऐकलं. मग सहज दारातून बाहेर पाहिलं.

मामंजी दोर धरून चालले होते. उताराची गाठ त्यांना लागली होती, ती जागेवरच होती. पुढे मेढीच्या दोन गाठी यायला हव्यात. त्या येत नव्हत्या. ते थांबले. ऊन रोज उजव्या गालावर यायचं, आज समोरून तोंडावर येत होतं. त्यांनी मान थोडी फिरवली, दोर ओढून पाहिला. दोर ताणलेला होता, पक्का होता. स्वतःच्या हातानं वळलेला. ते पुन्हा चालायला लागले. त्यांच्यासमोर रहाट होता, आणि आडावरच्या फळ्या सकाळच्या पाणी शेंदण्यासाठी काढून भिंतीला टेकवलेल्या होत्या.

मी हात झाडला. इतक्या जोरात झाडला की खांदा दुखावला. आवाज आला नाही. बांगड्यांच्या मधे ओली माती गच्च भरली होती. मी पुन्हा झाडला. पांढरे शिंतोडे उडाले, बांगड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पाटावरून उडी टाकली, पण माजघर, ओसरी, अंगण, एवढं अंतर माझ्याच्यानं वेळेत कापलं जाणार नव्हतं. त्यांचा पाय ढासळलेल्या काठाकडे सरकत होता. आता ओरडले तर रीत गेली, आणि शेजारी ऐकू जाऊन त्यांनी जिवापाड जपलेलं गुपितही गेलं. नाही ओरडले तर ते गेले. विचार असा काही केलाच नाही मी. तोंडच उघडलं.

"मामंजी, थांबा. पाय उचलू नका. फुडं आड हाय."

तीन वर्षांत साठलेला आवाज होता तो. मलाही माझा वाटला नाही. मामंजी जागच्या जागी थिजले. त्यांच्या पायाखालून एक खडा सुटला आणि आत पाण्यात पडल्याचा आवाज आला. तो त्यांनीही ऐकला. त्यांनी दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.

मी अंगणात पोचेपर्यंत फाटकातून वन्सं आणि चुलत सासूबाई आत आल्या होत्या, ओल्या गोधड्या डोक्यावर घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वन्संनी एकदा दोराकडे पाहिलं, एकदा आडाकडे, मग बापाच्या डोळ्यांकडे. डोक्यावरचा गठ्ठा त्यांनी खाली टाकून दिला.

"बाबा, तुमाला दिसत न्हाई?"

मी दंडाला धरून त्यांना काठापासून मागे घेतलं तोच चुलत सासूबाई मधे आल्या. "सासऱ्याफुडं तोंड उघडलंस? आन् वर दंडाला धरायलीस?" मग वन्संकडे वळल्या. "मला वाटतच व्हतं. म्हातारं आंधळं झालंय आन् हे लपवायलेत. आज आडात पडलं असतं तर उद्या घट बसला असता का घरात? गोठ्यातली बाज काडा खाली. आजच्या आज."

वन्सं रडत होत्या. रडत रडतच म्हणाल्या, "व्हय. काडा. आता फिरू द्यायला नको."

बाज हा शब्द ऐकला आणि मामंजींचा चेहरा असा झाला की मी आजवर विसरले नाही. ओठ नुसते हलले. माणूस आडाच्या काठावरून परत आला होता आणि आडापेक्षा त्या बाजेला भ्याला होता. मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. आणि माझ्याकडे दुसरं काय होतं करण्यासारखं? दोन्ही एकाच वेळी वाटलं.

मग त्यांनी दोर सोडला. हात खाली घेतला, ताठ उभे राहिले.

"माजी सून बोलली न्हाई," ते म्हणाले. आवाज शांत होता. "खांब बोलला. माज्या घरचा खांब हाय त्यो. त्याला बोलायची मुभा मी दिलीया."

चुलत सासूबाईंनी तोंड फिरवलं.

मामंजींनी उजवा हात पुढे केला. मी कुठे उभी आहे ते त्यांना माहीत नव्हतं, हात भलतीकडेच गेला.

"खांबा, हाताला धर. मला परसाकडं जायचंय."

ज्याची त्यांना आयुष्यभर धास्ती होती ते त्यांनी दोन बायांदेखत मागितलं. मी हात लुगड्याला पुसले, तरी माती निघाली नाही. तशाच हातानं त्यांचा हात धरला. वाख वळून वळून तळवा जोड्याच्या चामड्याइतका राठ झालेला. रिकाम्या मेढीपाशी मी म्हटलं, "इथं वळा." ते वळले. कुडाशी आल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि एकटे आत गेले. मी पाठ करून उभी राहिले. वन्सं अंगणातून आमच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी वन्संनीच दोर सोडून परत पहिल्यासारखा बांधला. गाठी कुठे कुठे ते मला विचारलं आणि स्वतःच्या हातानं मारल्या. फळ्या आडावर टाकल्या. पण चुलत सासूबाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या माणसांनी बाज माळ्यावरून उतरवून अंगणात आणून ठेवली होती. मधलं भोक तसंच होतं. मामंजी ओसरीत बसले होते. बाज टेकवल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

घटाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. कुऱ्हाड घेतली. आधी सुंभ कापलं, मग चौकटीचे दांडे सोडवले, मग पाय फोडले. जुनं बाभळीचं लाकूड, घाव घालताना हात झिणझिणले. वन्सं आवाजानं बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं येऊन तुकडे गोळा करायला लागल्या. आम्ही दोघींनी ते न्हाणीच्या चुलीत घातले. पाणी खळाखळा उकळलं.

मामंजी न्हाणीतल्या दगडावर बसले. मी गार पाण्याचं विसण घातलेली बादली त्यांच्या हाताशी ठेवली आणि आडोशाला उभी राहिले. त्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि थांबले.

"खांबा, आज पानी लय कढत हाय रं."

माझ्या बांगड्या त्या दिवशी धुऊन स्वच्छ होत्या. मी त्या वाजवल्या नाहीत.

"सरपन चांगलं व्हतं, मामंजी," मी म्हटलं. "बाज जाळली."

त्यांनी तांब्या काठोकाठ भरला आणि डोक्यावर ओतून घेतला.